दर सोमवारी फवारतो, तरी लाल कोळी हटत नाही

पत्र: "आमचं लहानसं हरितगृह आहे. एका बाजूला गुलाब, दुसऱ्या बाजूला जरबेरा, आणि दाराजवळच्या कोपऱ्यात मी हौसेनं जमवलेल्या शोभेच्या कुंड्या. उन्हाळ्यापासून गुलाबाची पानं खालून बारीक जाळीनं भरतात आणि पिवळी पडून गळतात. जरबेऱ्याच्या पाकळ्यांवर पांढुरके ओरखडे दिसतात. आता थंडी सुरू झाल्यापासून कळ्यांवर राखाडी बुरशीही यायला लागली आहे. यजमान दर सोमवारी न चुकता फवारतात. मिळेल ती नवी बाटली आणतात, कधी दोन-तीन औषधं एकत्र करतात. फवारणीनंतर आत काम केलं की माझं डोकं दुखतं. मित्रकीटक सोडून बघू असं मी म्हणते, तर ते म्हणतात, पुस्तकातल्या गोष्टी पुस्तकात ठेव. आमच्या दोघांत कोणाचं खरं? आणि एकदाचं जालीम असं औषध कोणतं?"

ताई,

फुलांआधी तुमच्या डोकेदुखीचं बोलू. उघड्या शेतात औषधाची वाफ वाऱ्यानं उडून जाते, हरितगृहात ती छताखाली कोंडून राहते. फवारल्यावर किती वेळ आत जायचं नाही, हे लेबलवर दिलं असेल तर ते अक्षरशः पाळा. दिलं नसेल तर निदान दुसऱ्या दिवसापर्यंत आत पाऊल टाकू नका, आणि जाण्याआधी दारं-पडदे उघडून हवा खेळू द्या. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क वाफ अडवत नाही. फवारणाऱ्याला त्यासाठी कार्बनची डबी बसवलेला रेस्पिरेटर लागतो, शिवाय हातमोजे, चष्मा आणि अंगभर कपडे. ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवायचे. डोकेदुखीबरोबर मळमळ, दरदरून घाम, तोंडात सारखी लाळ येणं, नजर धूसर होणं यांतलं काही जाणवलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा आणि औषधाचं लेबल बरोबर न्या. बाटल्या एकत्र ओतणं तर आजपासूनच बंद. तशा मिश्रणाचं माणसाला काय होईल आणि पानाला काय होईल, हे ते ओतणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता जालीम औषध. नाव सांगणार नाही, कारण एका नावानं तुमचं भागणार नाही. तुमच्या पत्रात तीन वेगळी दुखणी आहेत. एक पानाखाली राहतं, एक फुलाच्या आत आणि मातीत, आणि तिसरं तर हवेतल्या ओलाव्याचं आहे. सोमवार या वाराशी तिघांचाही संबंध नाही. आणि मला वाटतं, पहिलं दुखणं निदान काही अंशी त्या सोमवारनंच वाढवलंय.

पानाखाली जाळी करणारा तो लाल कोळी. नाव लाल असलं तरी तो बऱ्याचदा फिकट हिरवट असतो, पाठीवर दोन गडद ठिपके. हा कीटकच नाही. पूर्ण वाढलेल्या कोळ्याला आठ पाय असतात. त्यामुळे कीटकांसाठी बनवलेली कितीतरी औषधं त्याला काहीच करत नाहीत. पण त्याला खाणारे भक्षक कोळी आणि बारीक ढेकूण मात्र त्याच औषधांनी मरतात. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशी पायरेथ्रॉइड गटातली औषधं वारंवार मारली की कोळ्याचा उद्रेक होतो, हे हरितगृहवाल्यांना जुनं माहीत आहे. इमिडाक्लोप्रिडच्या बाबतीत तर कोळ्याच्या माद्या जास्त अंडी घालतात असंही काही प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे मावा किंवा पांढरी माशी मारायला आणलेली बाटली कोळ्याच्या पथ्यावर पडते.

त्यात त्याचा वेग. हवा गरम आणि कोरडी असेल, पारा ३० अंशांच्या आसपास असेल, तर अंड्यापासून पूर्ण कोळी व्हायला आठवडाभर पुरतो. २० अंशांला त्याला दोन-तीन आठवडे लागतात. एक मादी शंभराच्या घरात अंडी घालते. फलन न झालेल्या अंड्यातूनही नर निपजतात, आणि औषधाला दाद न देणारा गुण अशा नरांतून पिढीत झपाट्यानं पसरतो. या एका कोळ्यानं जगभरात ९० हून अधिक रसायनांना दाद देणं सोडल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा नव्या बाटलीमागे धावून तुम्ही त्याला गाठणार नाही.

त्याला शोधायचा कसा? पांढरा कागद धरून त्यावर फांदी झटका. ठिपके चालायला लागले तर तो कोळी, धूळ असेल तर ती जागची हलणार नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खालच्या, जुन्या पानांची मागची बाजू बघा. जाळी दिसेपर्यंत वाट बघायची नाही, जाळी म्हणजे उशीर झालेला असतो. आधी पानाच्या वरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके येतात. ते पहिल्यांदा कुठे येतात हेही ठरलेलं असतं: सर्वांत गरम, कोरडी, धुळीची जागा. पंखा आणि ओला पॅड असलेल्या हरितगृहात पॅडकडची बाजू थंड राहते आणि पंख्याकडची तापते, म्हणून बघायला सुरुवात पंख्याकडून करा. तिथल्या झाडांना रंगीत फित बांधून ठेवा. पुढच्या खेपेला पाय आपोआप तिकडेच वळतील.

सापडला की जाळी धरलेली पानं जागच्या जागी पिशवीत टाकून पिशवीचं तोंड बांधा. ती पानं हातात घेऊन सगळ्या ओळींतून फिरलात तर कोळी तुम्हीच पेरला. मग सकाळच्या वेळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा द्या, दुपारपर्यंत पानं सुकतील अशा बेतानं. एवढ्यानंही संख्या बरीच खाली येते. त्यानंतर औषध लागलं तर ते कोळीनाशकच हवं, आणि कोणती अवस्था मारतं हे कळलेलं हवं. अबामेक्टिन चालते-फिरते कोळी मारतं, अंड्यांना फारसं काही करत नाही. हेक्झिथायझॉक्स अंडी आणि पिल्लं मारतं, मोठ्यांना सोडतं. म्हणून गरम हवेत पहिल्या फवाऱ्यानंतर पाचेक दिवसांनी दुसरा लागतो, तेवढ्यात वाचलेली अंडी फुटलेली असतात. यजमानांचा आठवड्याचा फेरा नेमका इथे चुकतो. फुटलेल्या पिल्लांना मोठं होऊन पुन्हा अंडी घालायला तो पुरेसा वेळ देतो. आणि नळीचं तोंड वर करून, खालून वर फवारायचं. वरून पान चिंब झालं तरी खालचा कोळी कोरडाच राहतो.

जरबेऱ्याचे ओरखडे बहुधा फुलकिड्यांचे. बहुधा म्हणते, कारण दोन-तीन औषधांच्या मिश्रणानं भाजलेली पाकळीही अशीच दिसू शकते, आणि तुमच्याकडे ती शक्यता चांगलीच आहे. फरक असा: फुलकिड्यांनी खरवडलेल्या चंदेरी पट्ट्यात काळे बारीक ठिपके असतात, ती त्यांची विष्ठा. औषधानं भाजलेलं असेल तर ठिपके नसतात. डाग पाकळीच्या टोकाला, थेंब साचतो तिथे असतात आणि एकाच वयाच्या सगळ्या फुलांवर एकदम उमटतात. आणखी एक खात्रीची युक्ती आहे. फुलाच्या मध्यावर तोंडानं हलकेच ऊन श्वास सोडा. त्या उबेनं आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं फुलकिडे लपलेल्या जागेतून बाहेर धावतात. कोणी बघत असेल तर हसेल, हसू दे.

फुलकिड्यांवर औषध का चालत नाही, तर ते मारायला सापडतातच अर्धे. अंडी पानाच्या आणि पाकळीच्या पेशींत खुपसलेली असतात. पिल्लं फुलात आणि कोवळ्या शेंड्यात घुसून बसतात. मग बहुतेक जण कोषावस्थेसाठी खाली मातीत किंवा पाचोळ्यात उतरतात. म्हणजे तुम्ही फवारता त्या क्षणी अंड्यांना आणि मातीतल्या कोषांना काहीच लागत नाही. चार दिवसांनी तेच वर येतात आणि माणूस म्हणतो, औषध बनावट होतं. गरम हवेत एका पिढीपुरते, म्हणजे साधारण दोन-तीन आठवडे, पाच-पाच दिवसांच्या अंतरानं दोन-तीन फवारे एकाच गटाच्या औषधाचे द्यायचे, आणि पुढच्या पिढीला गट बदलायचा.

हा 'गट' शब्द यजमानांना नीट समजावून सांगा, कारण बाटली बदलली म्हणजे औषध बदललं असा त्यांचा समज दिसतो. औषध किडीच्या शरीरात नेमकं कुठे घाव घालतं, त्यावरून त्याला क्रमांक दिलेला असतो. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम या दोन वेगळ्या नावांच्या, वेगळ्या रंगांच्या बाटल्या, पण दोन्ही ४ए गटातल्या. स्पिनोसॅड ५ मध्ये, अबामेक्टिन ६ मध्ये. फेरपालट क्रमांकाची करायची. तुमच्या पिकासाठी मान्यता असलेल्या औषधांची नावं आणि त्यांपुढे क्रमांक असा एक कागद दाराच्या आत चिकटवून टाका. फुलांवर नवीन काही मारण्याआधी चार-पाच झाडांवर मारून आठवडाभर बघायचं, हाही नियम त्याच कागदावर. तेल आणि गंधक यांच्यामध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्यायचे, नाहीतर पानं भाजतात.

फुलकिड्यांची दुसरी भीती विषाणूची. पानांवर वर्तुळावर वर्तुळ अशी पिवळी-तपकिरी वलयं, वेडीवाकडी वाढ, शेंडा काळा पडणं असं एखाद्या झाडावर दिसलं तर ते झाड वाचवायच्या फंदात पडू नका. पिशवीत घालून मुळासकट काढा. विषाणू पिल्लू असतानाच अंगात घेतला जातो आणि पंख फुटल्यावर तो किडा जन्मभर पसरवत राहतो. विषाणूवर औषध नाही.

इथे मला तुमच्या दाराजवळच्या हौशी कुंड्यांकडे वळावं लागतंय. ताई, त्या बाहेर काढा. मला कल्पना आहे की हे आवडणार नाही. पण विक्रीची झाडं छाटली जातात, बदलली जातात, बघितली जातात. हौसेची झाडं वर्षानुवर्षं तिथेच असतात आणि सोमवारच्या फवाऱ्यातूनही बहुधा 'माझी आहेत' म्हणून वाचतात. कोळी, फुलकिडे, पिठ्या ढेकूण या सगळ्यांचं ते कायमचं माहेर असतं. त्यातही दाराजवळ, म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना घासून पुढे जातो. मेजांखालचं आणि भिंतीलगतचं तणही त्याच न्यायानं उपटायचं. विकत आणलेलं नवीन रोप दोन आठवडे वेगळ्या जागी ठेवून, भिंगाखालून घालूनच आत घ्यायचं. आणि रोजची फेरी नेहमी निरोगी ओळीपासून सुरू करून रोगट ओळीवर संपवायची. पिवळे कपडे घालून आत जाऊ नका, हेही जाता जाता सांगते. पांढरी माशी, मावा यांना पिवळा रंग ओढतो आणि मग तुम्हीच त्यांना एका ओळीतून दुसरीत नेता.

राखाडी बुरशीला मात्र मी औषधाच्या यादीत धरतच नाही. ती मेलेल्या फुला-पानांवर पोसते, आणि जिवंत कळीत शिरायला तिला काही तास ओली पाकळी लागते. दिवसा हवा गरम असते, तिच्यात बाष्प भरपूर मावतं. सूर्य मावळला, प्लास्टिक थंड झालं की तेवढंच बाष्प हवेला पेलत नाही आणि पाकळ्यांवर दव धरतं. थंडीत ऊब टिकावी म्हणून दुपारीच पडदे बंद करत असाल, तर दिवसभराची वाफ आत कोंडून तुम्ही रात्रीचं दव तयार करताय. सूर्यास्ताच्या आधी थोडा वेळ पडदे उघडून ओली हवा बाहेर जाऊ द्या, मग बंद करा. गरम करायची सोय असेल तर त्या वेळी थोडी उष्णता देऊन दमट हवा बाहेर काढा, फरक लगेच दिसेल. पाणी सकाळीच. आतली हवा हलती ठेवणारे पंखे रात्रीही चालू. छतावरून ठिबकणारे थेंब नेमके कोणत्या वाफ्यावर पडतात ते एकदा पहाटे जाऊन बघा. बुरशी आलेल्या कळ्या आणि ते थेंब एकाच रेषेत असतील असा माझा अंदाज आहे. वाळलेली, सुकलेली फुलं रोज काढायची आणि झाकणाच्या बादलीत टाकायची. उघड्या टोपलीतून नेली तर राखाडी भुकटी वाटभर उडते. कार्बेन्डाझिमसारख्या जुन्या बुरशीनाशकांना ही बुरशी अनेक ठिकाणी केव्हाच सरावली आहे, म्हणून ती बाटली पुन्हा-पुन्हा ओतून काही साधणार नाही.

गुलाबावर पांढरी भुकटी, म्हणजे भुरी, दिसली तर हा नियम तसाच लावू नका. भुरीला ओलं पान लागत नाही, उलट पानावर पाणी उभं राहिलं तर तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. दमट रात्र आणि कोरडा दिवस तिला मानवतो. पान बघून रोग ओळखल्याशिवाय फवारू नका असं मी पुन्हा पुन्हा म्हणते ते यासाठी.

आता तुमचा वाद. मित्रकीटक पुस्तकी नाहीत. इंग्लंडमध्ये १९२६ साली हरितगृहातल्या पांढऱ्या माशीची काही पिल्लं काळी पडलेली दिसली, आणि त्यातून एन्कार्सिया ही इवलीशी गांधीलमाशी हाती आली. १९३० च्या दशकात ती वाढवून मोठ्या प्रमाणात वाटली जात होती. पुढे डीडीटी आलं आणि ती मागे पडली. कीड औषधांना दाद देईना तेव्हा, १९७० च्या सुमारास, तिला पुन्हा बोलवावं लागलं. लाल कोळ्यावर फायटोसेइलस नावाचा भक्षक कोळी आहे, तो दुसरं काही खातच नाही. फुलकिड्यांच्या लहान पिल्लांवर अँब्लिसेयस जातीचे भक्षक कोळी वापरतात. तेव्हा तत्त्वात तुमचं खरं.

पण तुमच्या हरितगृहात आज ते सोडले तर मरतील, आणि मग यजमानांचं खरं ठरेल. पायरेथ्रॉइडचा अंश पानांवर कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिनेही, मित्रकीटकांना मारत राहतो. आधी ती औषधं थांबवा. मधल्या काळात कोळी आटोक्यात ठेवायला कीटकनाशक साबण किंवा फवारणीचं बागायती तेल वापरा. ती अंगावर पडली तरच मारतात, वाळली की त्यांचा परिणाम जवळपास उरत नाही. मात्र भर उन्हात मारू नका आणि उमललेल्या फुलांवर टाळा. कोळ्यांची संख्या खाली आली, म्हणजे पानापानावर न दिसता कुठेकुठे दिसू लागले, की मग भक्षक सोडायचे. जाळीनं झाड झाकल्यावर सोडलेले भक्षक हरतात. फायटोसेइलसला ६० टक्क्यांहून जास्त आर्द्रता हवी आणि पारा ३० च्या वर गेला की त्याचं काम मंदावतं. तुमच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्निकस जातीचा भक्षक जास्त तग धरेल. रात्री गंधकाची धुरी देत असाल तर तीही मित्रकीटकांना जाचते, मागवण्याआधी पुरवणाऱ्याला हे सांगा.

सुरुवात सगळीकडे करू नका, फक्त गुलाबात करा. गुलाबाच्या खाली वाकवलेल्या फांद्यांवरची पानं विकायची नसतात. तिथे थोडे कोळी राहिले तर बिघडत नाही, उलट भक्षकांना तेवढं खाणं लागतंच. फूल वरच्या दांड्यावर येतं. जरबेऱ्यात फुलावरचा एक ओरखडाही दर पाडतो, तिथे हा धीर धरणं अवघड आहे, तेव्हा ते पुढच्या हंगामासाठी ठेवा. तोवर जरबेऱ्यात निळे आणि पिवळे चिकट सापळे लावा, झाडांच्या शेंड्यांच्या जरा वर, साधारण शंभर चौरस मीटरला एक, शिवाय दाराशी आणि पडद्यांशी एकेक. त्यांनी कीड संपत नाही. ते मोजायला असतात. दर आठवड्याला प्रत्येक सापळ्यावरचे किडे मोजून वहीत लिहा आणि आकडा चढायला लागला तरच फवारणीचा विचार करा. सोमवारचा नेम मोडायला यजमान तयार नसतील तर मोडू नका, त्या दिवशी पंपाऐवजी भिंग आणि वही त्यांच्या हातात द्या. नेमानं काम करणारा माणूस मोजणीच्या कामाला उत्तम.

पडद्यांना किडीची जाळी लावावी का असं पुढे विचाराल, म्हणून आत्ताच सांगते. पांढरी माशी अडवणारी जाळी लावणं सोपं आहे. फुलकिडे अडवायला छिद्र ०.२ मिलिमीटरच्या आसपास लागतं, त्यातून हवाही धड जात नाही. जाळीचं क्षेत्रफळ खिडकीच्या कितीतरी पट वाढवल्याशिवाय ती लावली तर आत ऊब आणि दमटपणा वाढेल आणि राखाडी बुरशीची सोय होईल. आधी दुहेरी दार करा, ते स्वस्तात होतं.

जरबेऱ्याची लागवड जुनी झाली असेल आणि बदलायचीच असेल तर एक संधी आहे. झाडं काढण्याआधी शेवटचा फवारा द्या, म्हणजे उडणारे किडे शेजारच्या गुलाबावर जाणार नाहीत. पाचोळा, तण, तुटकी मुळं सगळं झाडून बाहेर काढा, वाफ्यांवर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरा आणि ऐन उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. मातीतले फुलकिड्यांचे कोष वर येतील तेव्हा त्यांना खायला हिरवं पानही मिळणार नाही, आणि मातीतल्या बऱ्याच बुरश्याही त्या उष्णतेनं कमी होतील. गुलाब तसा रिकामा करता येत नाही. त्याची जोरदार छाटणी करा, छाटलेलं सगळं त्याच दिवशी बाहेर न्या, आणि नवी फूट बोटभर आली की भिंग घेऊन पंख्याकडच्या ओळीपासून बघायला सुरुवात करा.